दीडफुटी शब्द वापरण्याची सोपी पद्धत (धायरी आवृत्ती)

ही मार्गदर्शिका पुण्यात धायरी फाट्यापासून डीएसके विश्वपर्यंतच्या पट्ट्यात राहणाऱ्या, शाळेत इंग्रजीचा पेपर देवाचं नाव घेऊन सोडवलेल्या आणि आता सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपलं वजन वाढवू पाहणाऱ्या मंडळींसाठी आहे. रायकर मळा, बेनकर वस्ती, धारेश्वर मंदिराचा परिसर इथल्या जुन्या रहिवाशांनीही ती वाचावी. त्यांना ती आमच्यापेक्षा लवकर समजेल. का ते पुढे येईलच. नऱ्हे आणि नांदेड गावच्या वाचकांनी ती स्वतःच्या जबाबदारीवर वापरावी.

उद्दिष्ट साधं आहे. समोरच्याने जन्मात ऐकला नसेल असा इंग्रजी शब्द योग्य क्षणी, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता टाकायचा. तो ‘म्हणजे?’ म्हणाला की ‘मूळ लॅटिन आहे’ एवढंच बोलून चहाचा घोट घ्यायचा. अर्थ सांगण्याची घाई करायची नाही. अर्थ सांगितला की शब्दाचा दरारा निम्म्याने उतरतो, आणि मूळ सांगितलं की उरलेला निम्माही. ही मार्गदर्शिका दोन्ही सांगणार आहे, म्हणून ती घरात कुलपात ठेवावी.

लागणारं साहित्य

एक जाड इंग्रजी कोश. नॉर्मन लुईस यांचं १९४९ सालचं ‘वर्ड पॉवर मेड इझी’. अप्पा बळवंत चौकात जुनं घ्यावं. ज्या प्रतीची पहिली तीस पानं पेन्सिलीने रंगलेली आणि पुढची सगळी कोरी असतील ती प्रत अस्सल वापरलेली समजावी. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१, सुधारून वाढवलेली दुसरी १८५७) आणि थॉमस कँडीचा १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश शेल्फवर दिसतील असे ठेवावेत. या गोऱ्या लष्करी अधिकाऱ्यांनी मराठी शिकण्यासाठी जेवढी पायपीट केली, त्याच्या पाव हिश्शात आपलं काम होतं. आणि एक कप चहा, घोट घेण्यासाठी.

पायरी पहिली : दीडाचं माप

लांबलचक शब्दांना आणि ते वापरणाऱ्यांना इंग्रजीत ‘सेस्क्विपिडेलियन’ म्हणतात. रोमन कवी होरेसने काव्यकलेवर लिहिताना फुगलेल्या शब्दांना ‘दीड फुटांचे’ म्हणून टोमणा मारला, तिथून हा निघाला. ‘सेस्क्वि’ म्हणजे ‘आणि वर अर्धा’; ‘पेस, पेदिस’ म्हणजे पाय, आपल्या ‘पद’चा चुलतभाऊ. पुण्याच्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. जास्त शहाण्याला मोजायला आपणही दीडाचंच माप काढलं आहे. दोन हजार वर्षं आणि एक अख्खा समुद्र मध्ये असताना रोम आणि सदाशिव पेठ एकाच आकड्यावर कसे आले, हा संशोधनाचा विषय आहे. माझा अंदाज असा की एक शहाणा परवडतो, दोन शहाणे आपसात भांडतात. त्रास होतो तो वरच्या अर्ध्याचा.

सराव : आरशासमोर उभं राहून ‘सेस्क्विपिडेलियन’ न अडखळता म्हणावं. जमत नसेल तर ‘दीडशहाणा’ म्हणावं. लक्ष्य तेच आहे.

पायरी दुसरी : थरूर यांच्यापासून गोठ्यापर्यंत

भारतातला कोणताही नवशिका शशी थरूर यांच्यापासून सुरुवात करतो. मे २०१७ मध्ये त्यांनी आपल्यावरच्या बातम्यांना ‘फरागो’ म्हटलं आणि संध्याकाळपर्यंत अर्धा देश कोश उघडून बसला. खोटंनाटं, अर्धवट, तोडमोड असं सगळं कालवलेलं मिश्रण, असा अर्थ. आता मूळ पाहा. लॅटिनमध्ये ‘फार’ म्हणजे गव्हाच्या जातीचं जाडंभरडं धान्य आणि ‘फरागो’ म्हणजे जनावरांपुढे टाकायचं मिश्र खाद्य. साध्या मराठीत, आंबोण.

सगळी गंमत इथेच आहे, म्हणून नवशिक्याने जरा थांबावं. ज्या शब्दापुढे दूरचित्रवाणीचे निवेदक गार पडले तो शब्द रोमन शेतकरी रोज पहाटे पाटीत भरून गाईपुढे ठेवत होता. धायरीत अजून जिथे दोन म्हशी आणि एक गोठा टिकून आहे, तिथल्या माणसाला फरागो म्हणजे काय हे सांगायला गेलात तर तो म्हणेल, पेंड किती घालता? जुन्या रहिवाशांना ही मार्गदर्शिका लवकर कळेल असं म्हटलं ते यासाठी. आंबोण कालवणाऱ्या हाताला लॅटिन येत नसेल, पण लॅटिनचा मालमसाला त्याच हाताला ठाऊक असतो. बाकीच्यांनी, म्हणजे पाचव्या मजल्यावरून पिशवीतलं दूध उकळणाऱ्यांनी, तो कोशातून शिकायचा.

२०१८ च्या ऑक्टोबरात थरूर यांनी आपल्या नव्या पुस्तकाची जाहिरात करताना याहून लांब हत्यार बाहेर काढलं : ‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’. इंग्रजीत २९ अक्षरं. देवनागरीने ते तेरात बसवलं याची नोंद घ्यावी. एखाद्या गोष्टीला कवडीचीही किंमत न देणे, एवढाच अर्थ. विल्यम शेनस्टन नावाच्या इंग्रज कवीच्या १७४१ च्या पत्रात तो सापडतो. ईटनच्या शाळेतल्या लॅटिन व्याकरणात ‘क्षुल्लक समजणे’ या अर्थाच्या शब्दांची एक यादी असे. कोण्या वात्रटाने ती सगळी एका दोऱ्यात ओवली. ‘फ्लॉक्कुस’ म्हणजे लोकरीचा झुपका, ‘नॉकुम’ म्हणजे किरकोळ चीज, ‘निहिल’ म्हणजे काही नाही, ‘पिलुस’ म्हणजे केस. आपण मराठीत कस्पटासमान लेखतो, फुटकी कवडीही देत नाही, केसालाही धक्का लावू देत नाही. पण हे सगळं एका दमात म्हणत नाही. इंग्रज विद्यार्थ्याने ते एका दमात म्हणून दाखवलं. शिस्तबद्ध शाळेतल्या पोरांना रिकामा वेळ मिळाला की असं होतं.

वापर : पार्किंगविषयीच्या तुमच्या सूचनेकडे सोसायटीच्या समितीने काणाडोळा केल्यास.

पायरी तिसरी : सर्वसाधारण सभा

दीडफुटी शब्दांच्या सरावाला वार्षिक सर्वसाधारण सभेइतकी सुपीक जमीन नाही. तिथे सॉफ्टवेअरवाला वॉटरप्रूफिंगवर बोलतो, वॉटरप्रूफिंगवाला हिशेबावर बोलतो, आणि ज्याचा हिशेबाशी संबंध तो कोपऱ्यात वडा खात असतो. आपल्या कक्षेबाहेरच्या विषयात मत ठोकणाऱ्याला म्हणतात ‘अल्ट्राक्रेपिडेरियन’.

याची कथा रोमन लेखक थोरल्या प्लिनीने सांगितली आहे. ॲपेलीस नावाचा ग्रीक चित्रकार आपली चित्रं बाहेर मांडून मागे लपून बसे आणि येणारे-जाणारे काय म्हणतात ते ऐके. एकदा एका चांभाराने चित्रातल्या चपलेचा एक बंद कमी असल्याचं दाखवलं. ॲपेलीसने रातोरात दुरुस्त केलं. दुसऱ्या दिवशी आपलं म्हणणं मान्य झालेलं पाहून चांभाराला चेव आला आणि तो पायाच्या पोटरीला नावं ठेवू लागला. तेव्हा चित्रकाराने डोकं बाहेर काढून सुनावलं की चांभाराने चपलेच्या वर जाऊ नये. ‘क्रेपिडा’ म्हणजे ती चप्पल, ‘उल्ट्रा’ म्हणजे पलीकडे. इंग्रजीत हा शब्द १८१९ च्या सुमारास निबंधकार विल्यम हॅझ्लिटने समीक्षक विल्यम गिफर्डवर फेकून मारला. गिफर्डने पोरवयात खरोखरच चांभाराकडे उमेदवारी केली होती, त्यामुळे तो शब्द नेमका लागला आणि तितकाच दुष्टही ठरला.

मला विचाराल तर माझी सहानुभूती चांभाराकडे आहे. बंदाबद्दल तो बरोबर होता. पोटरीबद्दल चूक होता असं प्लिनीही कुठे म्हणत नाही. शिवाय एवढी लांब ग्रीक-लॅटिन वरात काढून शेवटी हाती येते ती कातडी चप्पल, हे विसरू नये. कोल्हापुरी घालून सभेला गेलेल्या माणसाने हा शब्द आत्मविश्वासाने वापरावा.

सभा संपल्यावर वॉचमनच्या केबिनपाशी जे घोटाळतात, कोणाचा फ्लॅट विकला, कोणाची सून माहेरी गेली, त्यांच्यासाठी ‘क्विडनंक’. लॅटिन ‘क्विद’ म्हणजे काय, ‘नुंक’ म्हणजे आता. ‘काय, नवीन काय?’ एवढ्या प्रश्नाचं नाम झालं आणि ते विचारणाऱ्याला चिकटलं. ‘क्विद’ आणि संस्कृत ‘किम्’ एकाच कुळातले. ‘नुंक’ला ‘नूनम्’ जवळचा. म्हणजे आपल्या केबिनपाशी हजारो वर्षं तीच चौकशी चालू आहे.

पायरी चौथी : प्लंबर

‘प्रोक्रॅस्टिनेशन’ आता कोणालाही येतं, त्यामुळे ते वापरण्यात अर्थ नाही. त्यात ‘क्रास’ म्हणजे उद्या. काम उद्यावर ढकलणे. पण धायरीतला प्लंबर उद्यावर थांबतो का? त्याच्यासाठी कोशात तळाशी ‘पेरेंडिनेट’ पडून आहे. लॅटिन ‘पेरेंदिए’ म्हणजे परवा. काम परवावर ढकलणे.

रोमन लोकांनी भाषेत एवढी सोय केली याचा अर्थ त्यांच्याकडेही नळ गळत होते. शिशाला लॅटिनमध्ये ‘प्लुंबुम’ म्हणतात आणि शिशाच्या नळांचं काम करणारा तो प्लंबर, हे त्याला जरूर सांगावं. तो ऐकून घेतो आणि परवा येतो. इथे मराठी लॅटिनच्या एक पाऊल पुढे आहे. आपला ‘परवा’ पुढेही जातो आणि मागेही. ‘परवा येतो’ म्हणून गेलेला माणूस आठवड्याने भेटला की म्हणतो, ‘परवा आलो होतो की साहेब, तुम्हीच घरात नव्हता.’ व्याकरणात त्याला कुठेही पकडता येत नाही.

मधला टप्पा : फाट्यावरचा सिग्नल

सकाळी आठनंतर सिंहगड रस्त्याला लागणाऱ्यांसाठी एकच शब्द पुरेसा आहे. ‘लॅलोकेझिया’ : शिव्या दिल्याने मनाला मिळणारा आराम. ग्रीक ‘लालिया’ म्हणजे बोलणं, आणि ‘खेझो’ म्हणजे, सभ्य भाषेत सांगायचं तर, परसाकडे जाणं. हा शब्द प्राचीन ग्रीकांचा नव्हे, अलीकडे कोणी तरी जुनी भांडी जोडून बनवलेला. पण ज्याने बनवला त्याला दुचाकी चालवण्याचा अनुभव असावा. फायदा असा की मूळ शिवीऐवजी खिडकीची काच खाली करून नुसतं ‘लॅलोकेझिया!’ असं ओरडलं तरी चालतं. समोरचा क्षणभर गोंधळतो आणि तेवढ्यात आपली गाडी पुढे निघते.

मिसळ खाऊन निघाला असाल आणि सिग्नलवर पोटातून आवाज येत असतील तर ते ‘बोरबोरिग्मस’. ग्रीकांनी पोटाचा आवाज ऐकून तो जसाच्या तसा शब्दात उतरवला. आपण ‘गुडगुड’ म्हणतो. दोघांचीही श्रवणशक्ती उत्तम होती.

पायरी पाचवी : खिडकी

‘डिफेनेस्ट्रेशन’, म्हणजे माणसाला किंवा वस्तूला खिडकीबाहेर फेकणे. ‘फेनेस्त्रा’ म्हणजे खिडकी. एवढ्या विशिष्ट क्रियेला स्वतंत्र शब्द का लागला, तर प्राग शहरामुळे. २३ मे १६१८ रोजी तिथल्या किल्ल्यात चिडलेल्या प्रोटेस्टंट सरदारांनी सम्राटाच्या दोन कॅथलिक कारभाऱ्यांना आणि त्यांच्या एका चिटणिसाला खिडकीतून खाली टाकलं. सुमारे ७० फूट. तिघेही वाचले. कॅथलिकांचं म्हणणं पडलं की देवदूतांनी झेललं. प्रोटेस्टंटांनी सांगितलं की खाली उकिरडा होता. त्यातून पुढे तीस वर्षांचं युद्ध पेटलं आणि मध्य युरोप उद्ध्वस्त झाला. फाब्रिशियस या चिटणिसाला मात्र नंतर सरदारकी मिळाली, आणि बिरुद मिळालं ‘होहेनफॉल’, म्हणजे उंचावरून पडलेला. सरकारी विनोदबुद्धीचा एवढा सुबक नमुना मला दुसरा माहीत नाही.

धायरीत हा शब्द अंड्यांची टरफलं, केसांचे गुंतवळ आणि गणपतीच्या दुसऱ्या दिवशीचं निर्माल्य यांना लागू पडतो. नोटीस बोर्डावर ‘खिडकीतून कचरा टाकू नये’ असं लिहून उपयोग होत नाही, हे सर्वांना माहीत आहे. ‘येथे डिफेनेस्ट्रेशन करणाऱ्यावर कारवाई होईल’ असं लिहून पाहावं. निदान लोक थांबून वाचतील.

पायरी सहावी : पहिला पाऊस

या शब्दाची थट्टा करायची नाही. ‘पेट्रिकोर’. कोरड्या जमिनीवर पहिला पाऊस पडल्यावर येणारा वास. हा शब्द १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या दोन शास्त्रज्ञांनी ‘नेचर’ नियतकालिकातल्या लेखात घडवला. ग्रीक ‘पेत्रा’ म्हणजे खडक. ‘इकोर’ म्हणजे ग्रीक देवांच्या नसांमधून रक्ताऐवजी वाहतो तो द्रव. दगडाच्या नसांतला देवरस! कोरड्या दिवसांत झाडांतून निघालेली तेलं खडक आणि माती धरून ठेवतात, आणि पाणी पडलं की ती हवेत सुटतात, असं त्यांनी दाखवलं. या वासात मातीतल्या सूक्ष्म जिवाणूंनी बनवलेला ‘जिओस्मिन’ही असतो, ‘गे’ म्हणजे पृथ्वी, ‘ऑस्मे’ म्हणजे वास. बीट कापल्यावर येणारा मातकट वास त्याचाच. माणसाच्या नाकाला तो इतक्या सूक्ष्म प्रमाणात कळतो की आपल्या इतर कोणत्याही अवयवाची इतकी हुशारी मी पाहिलेली नाही.

आणि त्या दोघांनी आपल्या लेखात भारताची आठवणही काढली : उत्तर प्रदेशात हा वास चंदनाच्या तेलात धरून अत्तर म्हणून विकतात. कनौजचे अत्तरवाले भाजलेल्या मातीपासून तो काढतात. ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ नाव शोधत असताना कनौजमध्ये बाटलीला बूच लागलं होतं.

धायरीच्या खाली आणि सिंहगडाच्या अंगात काळा पाषाण आहे, दख्खनच्या पठाराचा. ‘पेत्रा’ला इथे तोटा नाही. तो जिथे उघडा उरला आहे तिथे, म्हणजे टेकडीच्या बाजूला किंवा अजून प्लॉट न पडलेल्या वावराच्या कडेला, मेअखेर किंवा जूनच्या पहिल्या सरीला उभं राहावं. पेव्हिंग ब्लॉकच्या अंगणात उभं राहून हा शब्द वापरू नये. तिथे ओल्या सिमेंटचा वास येतो आणि त्याला ग्रीकांनी नाव दिलेलं नाही.

पायरी सातवी : घरातच ग्रीक शोधणं

इथवर आलेल्या नवशिक्याला दडपण आलं असेल तर ते काढून टाकावं. आपण जन्मापासून ग्रीक आणि लॅटिन बोलतो आहोत. फक्त ते गोव्याच्या किंवा इराणच्या वाटेने आल्यामुळे ओळखू येत नाही.

दिवाळीत गॅलरीत लावतो तो आकाशकंदील. लॅटिन ‘कांदेला’ ग्रीकांकडे गेला, तिथून अरबांकडे ‘किंदील’ झाला, फारसीतून आपल्याकडे आला. इंग्रजीतली ‘कँडल’ हीच. मुळातलं ‘कांदेरे’ म्हणजे चमकणं, आणि त्याचा आपल्या ‘चंद्र’शी रक्ताचा संबंध आहे. त्याच घराण्यातला ‘कँडिडेट’ : रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा आपला झगा खडूने पांढराधोप करून हिंडे, म्हणून तो ‘कांदिदातुस’, पांढऱ्या कपड्यातला. धायरीतल्या कोणत्याही चौकात मान वर करून फ्लेक्सकडे पाहावं. खादी लिनन झाली, खडूच्या जागी कांजी आली. भावी नगरसेवकाचा रंग दोन हजार वर्षांत बदललेला नाही.

‘पगार’ पोर्तुगीजांचा, तो लॅटिन ‘पाकारे’तून, म्हणजे शांत करणे. घेणेकऱ्याच्या हातावर पैसे ठेवून त्याला गप्प करणे. शांततेसाठीचा ‘पाक्स’ त्याच्याच मुळाशी. महिन्याच्या एक तारखेला घराचा हप्ता, शाळेची फी आणि टँकरची वर्गणी वळती झाल्यावर जी शांतता पसरते तिला हा अर्थ चपखल बसतो. बांधकामावरचं ‘घमेलं’ही पोर्तुगीज ‘गामेला’तून, त्याच्या मागे लॅटिन ‘कामेल्ला’, एक पिण्याचं भांडं. रोमन माणूस ज्यातून मद्य प्यायचा त्यात आता खडी वाहतात. ‘चावी’च्या मागे ‘क्लाविस’, ‘पाव’च्या मागे ‘पानिस’, नाताळच्या मागे ‘नातालिस’ म्हणजे जन्माचा.

ग्रीकांकडून थेट आलेलं ‘केंद्र’ मला सगळ्यांत आवडतं. केंद्र सरकार, परीक्षा केंद्र, आधार केंद्र. काय रुबाब आहे! ग्रीकमध्ये ‘केंत्रोन’ म्हणजे टोचणारं टोक. बैल हाकायची पराणी. कंपासपेटीतल्या कर्कटकाचं टोक कागदात रुततं म्हणून तो मध्यबिंदू झाला, आणि ग्रीक ज्योतिषाबरोबर संस्कृतात आला. त्याच गाडीतून ‘होरा’ आला, ज्याचं इंग्रजीत ‘अवर’ झालं. ‘सुरुंग’ बहुतेक अभ्यासकांच्या मते ग्रीक ‘सिरिंक्स’, म्हणजे पोकळ नळी, बासरी. ‘दाम’ म्हणजे ‘द्राख्मे’, आणि द्राख्मे म्हणजे मूठभर. पराणी, नळी, मूठ! फरागोची आंबोण आणि ॲपेलीसची चप्पल यांच्या पंगतीत ही मंडळी बसवा म्हणजे लक्षात येईल की शब्दांचा तो भारी थाट मुळात बैलगाडीतून उतरलेला आहे.

हे पाहुणे नुसते कोशातून आले नाहीत, पायांनीही आले. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवरच्या लेखांत यवन दात्यांचे उल्लेख आहेत. ‘यवन’ म्हणजे मुळात आयोनियाचा ग्रीक. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीत ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पॉसायडनची, छोटी कांस्यमूर्ती मिळाली. तिथल्या टाऊन हॉल संग्रहालयात ती नावाजली जाते. समुद्रदेव पंचगंगेवर काय करत होता, हे कोल्हापूरकरांनी त्याला जेवायला घालून विचारलं असणार.

सावधान : सापळे

आता अवघड भाग. व्युत्पत्तीचा नाद लागलेला माणूस सारखे आवाज ऐकले की लग्नं जुळवू लागतो. म्हणून प्रत्येक नवशिक्याने पुढील चाचणी द्यावी.

धायरी, डेअरी, डायरी, डायरिया. कॉल सेंटरवरच्या मुलीला पत्ता सांगताना या चारांपैकी एकावर ती थांबतेच. यांचं नातं काय? ‘डायरी’ लॅटिन ‘दिआरिउम’मधून; ‘दिएस’ म्हणजे दिवस, आणि दिआरिउम म्हणजे रोजचा शिधा. वही नंतर झाली, आधी धान्य होतं. ‘डायरिया’ ग्रीक; ‘दिआ’ म्हणजे आरपार, ‘रेइन’ म्हणजे वाहणे, आपल्या ‘स्रवणे’चा नातेवाईक. ‘डेअरी’त ग्रीक-लॅटिन औषधालाही नाही. जुन्या इंग्रजीत कणीक मळणाऱ्या बाईला ‘डेये’ म्हणत, तिच्याकडे पुढे दूधदुभतं आलं. ‘लेडी’ शब्दाच्या शेपटीतही तीच कणीक आहे. आणि धायरी हे गावाचं नाव आहे. चौघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. ज्याने मनातल्या मनात एखादा संबंध जोडलाच, त्याने पायरी पहिलीवर परत जावं.

पुण्याला या सापळ्याची मोठी परंपरा आहे. पु. ना. ओक (१९१७–२००७) यांनी व्हॅटिकन म्हणजे वाटिका आणि ख्रिश्चॅनिटी म्हणजे कृष्णनीती असं सांगितलं, आणि ते आजही सोसायटीच्या ग्रुपवर सुप्रभातासोबत येतं. व्हॅटिकन हे रोममधल्या एका टेकडीचं नाव. तिथे चर्च उभं राहण्याच्या कितीतरी आधीचं. ओकांच्या युक्तिवादाला उत्साह भरपूर आहे, फक्त व्याकरणाची अडचण होते. खरी गोष्ट कमी चटकदार नाही. २ फेब्रुवारी १७८६ ला कलकत्त्यात विल्यम जोन्सने एशियाटिक सोसायटीपुढे मांडलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच, कदाचित आता न उरलेल्या, मुळातून निघाल्या असाव्यात. आई-मुलगी नव्हे, बहिणी. म्हणून पितृ आणि ‘पातेर’, दन्त आणि ‘देन्तिस’, त्रि आणि ‘त्रेस’ जुळतात, आणि नुसते जुळत नाहीत तर नियमाने जुळतात; एक अक्षर बदललं की त्याच्या सगळ्या भावंडांत तसंच बदलतं.

नियम नसेल तिथे सारखेपणावर विश्वास ठेवू नये. लॅटिन ‘देउस’ आणि आपला ‘देव’ खरोखर एका कुळातले. पण ग्रीक ‘थेओस’, अर्थ तोच, आवाज तसाच, आणि नातं शून्य! पट्टीच्या भाषातज्ज्ञांनाही इथे जीभ चावावी लागते.

उलट, न दिसणारी नाती असतात. अंगावर काटा येण्याला इंग्रजीत ‘हॉरिपिलेशन’ : ‘होरेरे’ म्हणजे केस ताठ होणं, ‘पिलुस’ म्हणजे तोच मघाचा बिनकिमतीचा केस. आणि संस्कृत ‘हर्ष’चा मूळ अर्थही ताठ होणं, उभं राहणं, ‘होरेरे’ आणि ‘हर्ष’ सख्खे. म्हणजे इंग्रजीतला ‘हॉरर’ आणि आपला आनंदाचा हर्ष एकाच उभ्या केसावरून निघाले. रोमहर्षक सामना बघताना हा शब्द दोन्ही अर्थांनी वापरता येतो, विशेषतः शेवटच्या षटकात.

शंका-समाधान

मुलांना स्पेलिंग बीला बसवावं का? अमेरिकेतल्या भारतीय घरांत ही जोरात चालणारी शेती आहे. १९८५ साली बालू नटराजन जिंकला तेव्हापासून आपली मुलं तिथे ठाण मांडून आहेत. २०११ मध्ये सुकन्या रॉयला शेवटचा शब्द पडला ‘सायमोट्रिकस’, म्हणजे कुरळ्या, लाटांसारख्या केसांचा. २०२३ मध्ये देव शहाला ‘सॅमोफाइल’, वाळूत रमणारा प्राणी किंवा वनस्पती. स्पर्धकाला शब्दाचं मूळ कोणत्या भाषेतलं हे विचारायची मुभा असते, आणि निम्मी लढाई तिथेच जिंकली जाते. ग्रीक म्हटलं की ‘फ’साठी कोणती अक्षरं घालायची हा प्रश्न मिटतो. धायरीतल्या मुलाने मात्र सॅमोफाइल हा शब्द मुठेच्या काठावर रात्री डंपर भरणाऱ्यांसमोर वापरू नये. ते वाळूवर प्रेम करतात हे खरं आहे, पण त्यांना त्याचा उच्चार केलेला आवडत नाही.

हे शब्द मराठी बोलताना वापरावेत की इंग्रजी? मराठीतच. इंग्रजी वाक्यात टाकलात तर पुढचं वाक्यही इंग्रजीत बोलावं लागतं.

समोरच्याने स्पेलिंग विचारलं तर? लिफ्ट आली आहे असं सांगावं. लिफ्ट बंद असल्यास, आणि ती असतेच, जिना उतरायला लागावं.

उच्चार चुकला तर? निर्धास्त राहावं. इंग्रज स्वतः लॅटिनचे उच्चार चुकीचेच करत आले. ते ज्याला ‘सीझर’ म्हणतात त्याची आई त्याला ‘कैसर’ म्हणत होती. ‘सिसरो’ म्हणून ज्या महावक्त्याची भाषणं शिकवली जातात तो स्वतःला ‘किकेरो’ म्हणवून घेई, आणि ‘किकेर’ म्हणजे हरभरा. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो की सिसरोच्या एका पूर्वजाच्या नाकाच्या शेंड्याला हरभऱ्यासारखी खाच होती, तेच आडनाव चिकटलं. राजकारणात शिरताना मित्रांनी सिसरोला हे नाव बदलायला सुचवलं; त्याने ऐकलं नाही, उलट हेच नाव गाजवून दाखवतो म्हणाला. भोपळे, मुळे, श्रीखंडे आणि दहीभाते यांच्या गावात त्याला कोणी काही विचारलंही नसतं. तेव्हा अस्सल रोमन उच्चाराचा आग्रह धरणारा एखादा गृहस्थ सभेत भेटलाच, तर त्याला सिसरोचं एखादं भाषण म्हणून दाखवायला सांगावं, आणि ते सुरू झालं की पहिल्या रांगेतून मोठ्याने म्हणावं : ‘वा, हरभरेसाहेब!’